मैलाचे फूट ५२८० कां?

जुनीं कोष्टकें पाठ करितांना एका विद्यार्थ्यानें आम्हांस विचारिलें, "सर, मैलाचे फूट ५२८० कां? सरळ ५००० कां धरिले नाहींत?" प्रश्न मार्मिक होता, त्याचें उत्तर येथें देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

मूळचा मैल खरोखरीच ५००० फुटांचा होता. 'मैल' हा शब्द हजार या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून निघाला. चालतांना एकच पाय पुनः भूमीस टेकेपर्यंतचें अंतर रोमन लोक एक पाऊल मानीत. तें पांच रोमन फुटांचें असे. अशा हजार पावलांचा त्यांचा मैल, आजच्या मापानें सुमारें १४८० मीटर.

इंग्लंडांतील शेतकऱ्याचें माप मात्र निराळें होतें. नांगराच्या तासाच्या लांबीवरून तेथें फर्लांग निघाला, व तो ६६० फुटांचा ठरला. एक फर्लांग लांब व ६६ फूट रुंद जमीन म्हणजे एक एकर. आपल्याकडील चाळीस गुंठ्यांचा एकर तो हाच.

आतां ५००० फुटांत फर्लांग पुरे बसत नाहींत. साडेसात होऊन वर ५० फूट उरतात. मेळ घालावयाचा तर एक माप बदलणें प्राप्त होतें. फर्लांग बदलावा तर एकर बदलणार, आणि मग प्रत्येकाचा बांध, खंड व दस्तऐवज यांविषयीं तंटे उभे राहणार. मैल बदलल्यानें कोणाच्याहि बांधास धक्का लागत नव्हता. म्हणून मैलच वाढवून आठ फर्लांगांचा केला. ६६० च्या आठपट ५२८०. राणी पहिली एलिझाबेथ हिच्या कारकीर्दींत, १५९३ सालीं, लंडनच्या वेशींपासून तीन मैलांच्या आंत नवीं घरें बांधण्यास मनाई करणारा कायदा झाला, त्यांत हेंच माप नमूद आहे. मनाईची हद्द सांगावयाची तर मैल किती लांब हें आधीं सांगणें अवश्यच होतें.

पुढें १९५९ सालीं आंतरराष्ट्रीय करारानें मैल १६०९.३४४ मीटरांचा ठरला. भारतानें १९५६ च्या कायद्यानें दशमान मापें स्वीकारिलीं, आणि रस्त्यावर किलोमीटर आले. बोलण्यांत मात्र 'मैलाचा दगड' अद्याप उभा आहे.

विद्यार्थीमित्रहो, जी संख्या वेडीवांकडी दिसते, तिच्यामागें कोणा शेतकऱ्याचा बांध राखिलेला असूं शकतो. कोष्टक पाठ करावेंच. परंतु 'कां' हें विचारण्यास चुकूं नये.