दोन दप्तरांत वाटलेला समुद्र

समुद्राच्या संपत्तीचा विचार आणि हवामानाच्या पालटाचा विचार एकाच राष्ट्रीय धोरणात गुंफला पाहिजे, ही गोष्ट आता सरकारदरबारीही मान्य झालेली आहे. परंतु ती मान्य होण्यास जो चार दशकांचा काळ लागला त्याचा मागोवा घेऊ लागले असता प्रथम ध्यानात येते ते हे की, शास्त्रज्ञांच्या लेखी समुद्र आणि वारा यांची फारकत कधी झालीच नव्हती. 1960 ते 1965 या अवधीत अनेक राष्ट्रांनी मिळून हिंदी महासागराची जी शोधमोहीम हाती घेतली, तिच्यासाठी मुंबईत आंतरराष्ट्रीय हवामान केंद्र उघडण्यात आले, जहाजांवरची आणि विमानांतली निरीक्षणे तेथे एकत्र होऊ लागली, आणि नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचे वर्तन जाणावयाचे तर खालच्या पाण्याची उष्णताही मोजली पाहिजे, हे त्या मोहिमेने गृहीतच धरले होते. त्याच मोहिमेच्या पुण्याईने 1 जानेवारी 1966 रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली, डॉ. एन. के. पणिक्कर तिचे पहिले संचालक झाले, आणि पुढे गोव्यातील दोनापावला हे तिचे कायमचे ठाणे ठरले. म्हणजे धोरण आखणाऱ्यांच्या हाती ज्ञानाचे जे भांडवल आले ते अखंड होते; त्याची वाटणी झाली ती पुढे, कारभाराच्या सोयीसाठी.

सत्तरच्या दशकात देशाची दृष्टी समुद्राकडे वळली ती प्रामुख्याने कोठार म्हणून, आणि तो काळ पाहता त्यात गैर काही नव्हते. 1974 मध्ये मुंबईच्या पश्चिमेस सागरतळाखाली तेल लागले, तेही जगभर तेलाचे भाव भडकले असताना. 1976 मध्ये घटनेच्या 297 व्या अनुच्छेदाची दुरुस्ती होऊन अनन्य आर्थिक क्षेत्रातील साधनसंपत्ती केंद्र सरकारच्या ठायी निहित झाली, आणि त्याच वर्षीच्या सागरी क्षेत्रांच्या कायद्याने 12 सागरी मैलांची प्रादेशिक हद्द व 200 सागरी मैलांचे आर्थिक क्षेत्र निश्चित केले. वीस लाख चौरस किलोमीटरांहून अधिक असा हा मुलूख, देशाच्या भूभागाच्या जवळजवळ दोन तृतीयांश इतका, एका कायद्यानिशी आपल्या नावे लागला. जानेवारी 1981 मध्ये ‘गवेषणी’ या संशोधननौकेने खोल समुद्राच्या तळावरून बहुधातू गुटिका वर काढल्या. जुलै 1981 मध्ये महासागर विकास विभागाची स्थापना झाली, डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली पहिली अंटार्क्टिका मोहीम डिसेंबरात गोव्याहून निघाली, आणि नोव्हेंबर 1982 मध्ये संसदेपुढे देशाचे पहिले महासागर धोरण ठेवण्यात आले. त्या निवेदनाचा सूर आत्मविश्वासाचा आहे. समुद्रात काय आहे ते शोधावे, ते काढण्याचे तंत्र परकीयांकडून उसने न घेता स्वतः मिळवावे, आणि त्याचा उपयोग लोकांच्या उन्नतीसाठी करावा, ही त्याची दिशा; समुद्र तापेल, चढेल आणि किनाऱ्यावर चालून येईल ही धास्ती त्या सुराला शिवलेली नाही. 1987 मध्ये खोल समुद्रातील खनिजांचा अग्रणी गुंतवणूकदार म्हणून भारताची नोंद झाली आणि मध्य हिंदी महासागरात दीड लाख चौरस किलोमीटरांचे क्षेत्र देशाला मिळाले, तेव्हा ही दिशा सफल झाली असेच सर्वांना वाटले.

याच सुमारास, नोव्हेंबर 1981 मध्ये, तत्कालीन पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना एक पत्र लिहिले: भरतीच्या उच्चतम रेषेपासून 500 मीटरांपर्यंतचा किनारा बांधकामापासून मोकळा राखावा. या पत्राचे महत्त्व मला महासागर धोरणाहून तसूभरही कमी वाटत नाही, कारण समुद्राकडून काय घ्यावे याऐवजी समुद्रासाठी काय सोडावे हा प्रश्न त्यात प्रथमच आला. त्यातूनच 19 फेब्रुवारी 1991 रोजी, पर्यावरण संरक्षण कायद्याखाली, किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना निघाली. तिच्या वाट्याला काय आले हे सर्वांस ठाऊक आहे. दुरुस्त्यांमागून दुरुस्त्या होत गेल्या, राज्यांनी किनारा व्यवस्थापनाचे आराखडे तयार करण्यात इतकी दिरंगाई केली की 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयास कान धरावा लागला. शिवाय त्या अधिसूचनेत एक मूलभूत उणीव होती. किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या कोळी, गाबीत, खारवी यांची वस्ती तिने रेषा आखून मोजली, परंतु जाळी वाळवण्याची, होड्या ओढून ठेवण्याची, बोंबील-सुकट सुकवण्याची जी सामाईक जागा असते, तिच्यावरील त्यांच्या हक्काची दखल घेतली नाही. 2008 मध्ये या अधिसूचनेच्या जागी किनारा व्यवस्थापनाचा नवा मसुदा आला तेव्हा मच्छिमार संघटनांनी देशभर विरोध करून तो मागे घ्यावयास लावला, आणि त्या विरोधाचे फळ म्हणूनच 6 जानेवारी 2011 च्या अधिसूचनेत मच्छिमारांच्या उपजीविकेची सुरक्षितता हे उद्दिष्ट उघडपणे नोंदले गेले.

त्या 2011 च्या अधिसूचनेत आणखी एक वाक्यखंड आहे, आणि माझ्या मते या सबंध इतिहासाचा तो मध्यबिंदू आहे: जागतिक तापमानवाढीमुळे होणारी समुद्रपातळीची वाढ ध्यानी घेऊन किनाऱ्याचा विकास करावा. किनाऱ्याच्या कायद्यात हवामानबदलाने केलेला हा पहिला प्रवेश. त्यास अनुसरून धोक्याची रेषा आखण्याचे काम सर्वेक्षण खात्याकडे सोपवण्यात आले. समुद्र पुढे कोठवर येऊ शकेल हे सांगणारी ती रेषा, म्हणजे संपत्तीचे दप्तर आणि संकटाचे दप्तर यांना जोडणारा पहिला खराखुरा दुवा होता. परंतु 18 जानेवारी 2019 रोजी नवी अधिसूचना आली तेव्हा ही रेषा केवळ आपत्ती-व्यवस्थापनाचे साधन म्हणून राहिली, बांधकामाच्या निर्बंधांशी तिचा संबंध उरला नाही. आणि ज्या ग्रामीण किनाऱ्यावर दर चौरस किलोमीटरास 2,161 हून अधिक लोकवस्ती आहे तेथे ना-विकास पट्टा 200 मीटरांवरून 50 मीटरांवर आणला गेला. दाट वस्तीतील लोकांना घराची डागडुजी करणेही दुरापास्त झाले होते, ही अडचण खरी होती. पण ती दूर करण्यासाठी धोक्याच्या ज्ञानालाच निर्बंधातून मुक्त करण्याचे कारण नव्हते. चाळीस वर्षांतील सर्वांत मोठी माघार कोणती असे कोणी विचारले, तर मी हीच दाखवीन.

आता दुसरे दप्तर पाहू. हवामान खाते 2006 पर्यंत विज्ञान व तंत्रज्ञान मंत्रालयाच्या कारभारात होते. त्या वर्षी भूविज्ञान मंत्रालय अस्तित्वात आले आणि समुद्र व हवामान ही दोन खाती एका छपराखाली आली. 2004 च्या त्सुनामीचा आघात ताजा असल्याने पुढच्याच वर्षी हैदराबादेस त्सुनामीची पूर्वसूचना देणारे केंद्र सुरू झाले. मासळी कोठे सापडण्याचा संभव आहे याची सूचना तर हैदराबादेहून आधीपासूनच बंदराबंदरांवर पोहोचत होती. संशोधनात जे साधले ते धोरणात मात्र साधले नाही. 30 जून 2008 रोजी जाहीर झालेल्या राष्ट्रीय हवामानबदल कृती आराखड्यात आठ अभियाने होती. सूर्यशक्ती, ऊर्जेची काटकसर, नगरे, पाणी, शेती, वने, ज्ञानसंचय यांना आणि हिमालयाला एकेक स्वतंत्र अभियान मिळाले. समुद्राला मिळाले नाही. हिमालयाला मिळाले हे योग्यच झाले. परंतु साडेसात हजार किलोमीटर म्हणून तेव्हा मोजला जाणारा किनारा ज्या देशाला आहे, ज्याचा पाऊसच समुद्रातून येतो, आणि पृथ्वीवर साठणाऱ्या जादा उष्णतेपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक भाग महासागर पोटात घेतात हे ज्याच्या शास्त्रज्ञांना ठाऊक आहे, त्याने समुद्राला स्वतंत्र स्थान न देणे ही साधी चूक नव्हती. वाटलेल्या दप्तरांचाच तो परिणाम होता. मासेमारी तेव्हा शेतीखात्याकडे, बंदरे नौवहनाकडे, तेल पेट्रोलियमकडे, किनारा पर्यावरणाकडे, खनिजे खाणखात्याकडे. प्रत्येकाने आपापला तुकडा नीट सांभाळला असेलही, पण समुद्राच्या वतीने बोलणारा कोणी नव्हता.

या वाटणीचा अर्थ कागदावरून उमगत नाही. तो पाहावा रायगडाच्या खाजणांत. पेण-अलिबागच्या खाड्यांच्या कडेने मातीचे लांबच लांब बांध आहेत, भरतीचे पाणी अडवणारे; बांधात जागोजागी उघाड्या आहेत, ओहोटीला शेतातले पावसाचे पाणी बाहेर सोडणाऱ्या आणि भरतीला आपसूक मिटणाऱ्या; आणि बांधाच्या बाहेर, चिखलात, तिवराच्या कांदळवनाची दाटी, जिच्यावर लाटेचा जोर आधी आपटून विरतो. आत खारभात, शेताच्या कडेच्या तळ्यात जिताडा. खाजणे बांधून लागवडीस आणणाऱ्या शिलोत्र्यांच्या काळापासून गावांनी एकत्र राबून राखलेली ही व्यवस्था 1948 च्या खारभूमी कायद्याने आणि पुढे 1979 च्या अधिनियमाने सरकारी झाली. बांध सरकारचा झाला आणि डागडुजी तरतुदीवर अवलंबू लागली. उधाणाच्या एखाद्या भरतीत बांधाला खांड पडते, ती बुजवण्याचा प्रस्ताव टेबलांवरून फिरत असता खारे पाणी दररोज दोनदा शेतात शिरते, आणि चार-पाच पावसाळ्यांत शेतातच तिवर उगवून उभे राहते. आणि 26 जुलै 2005 च्या प्रलयानंतर, 6 ऑक्टोबर 2005 रोजी, मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनांची तोड थांबवणारा जो आदेश दिला, आणि 2018 मध्ये जो कायम केला, त्यानुसार जमीन कोणाचीही असो, कांदळवन उभे असेल तर ते वन. तो आदेश अत्यंत मोलाचा आहे; त्याच्याविना मुंबईच्या खाड्यांत आज काय उरले असते ते सांगण्याची गरज नाही, आणि 2012 मध्ये महाराष्ट्राने स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन केला तोही त्याच जाणिवेतून. परंतु ज्याचा बांध सरकारी दिरंगाईने फुटला, त्याच्या सातबाऱ्यावरील शेत वन ठरते आणि त्याला भरपाई मिळत नाही, तेव्हा तिवराच्या मुळांशी साठणारा कर्ब देशाच्या खाती जमा होतो व त्याची किंमत तो एकटा शेतकरी मोजतो. हवामानाचे कार्य आणि समुद्रसंपत्ती यांची सांगड घालणारे धोरण म्हणजे काय, याचा कस येथे लागतो.

याउलट वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बचतगटाच्या स्त्रिया पाहुण्यांना होडीतून कांदळवनाची सैर घडवतात, आणि त्याच झाडांच्या जतनातून त्यांना चार पैसे मिळतात. झाड तेच, फरक इतकाच की येथे जतनाचा लाभ जतन करणाऱ्याच्या घरी पोहोचतो.

गेल्या काही वर्षांत मात्र समुद्रानेच धोरणाला वेठीस धरले. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आदळले आणि दोन-तीन पिढ्यांनी लावलेल्या नारळी-पोफळीच्या बागा काही तासांत आडव्या झाल्या; सुपारीचे झाड पुन्हा लावले तरी उत्पन्न येण्यास सहा-सात वर्षे लागतात, म्हणजे ती हानी एका दिवसाची नव्हती. मे 2021 मध्ये तौक्ते आले, मुंबईच्या तेलक्षेत्रात कामगारांची तराफानौका बुडाली आणि सत्तरांहून अधिक माणसे गेली. 1951 ते 2015 या काळात उष्णकटिबंधीय हिंदी महासागराचा पृष्ठभाग सुमारे एका अंशाने तापला, असे भूविज्ञान मंत्रालयाच्याच 2020 च्या अहवालात नमूद आहे. या पार्श्वभूमीवर फेब्रुवारी 2021 मध्ये नील अर्थव्यवस्थेच्या राष्ट्रीय धोरणाचा मसुदा हरकती-सूचनांसाठी प्रसिद्ध झाला, त्याच वर्षी जूनमध्ये 4,077 कोटी रुपयांच्या खोल महासागर अभियानाला मंजुरी मिळाली, आणि त्या अभियानाच्या सहा अंगांपैकी एक महासागर व हवामानबदलविषयक सल्लासेवेचे ठरवण्यात आले. 6,000 मीटर खोल तळाशी तीन माणसे नेणारे ‘मत्स्य 6000’ हे यान आणि किनाऱ्यावरच्या गावांना उपयोगी पडणारे अंदाज एका मंजुरीत आले, ही खरी प्रगती होय. 2023 च्या अर्थसंकल्पात कांदळवनांच्या लागवडीची ‘मिष्टी’ योजना आली. जून 2024 मध्ये गुजरात व तमिळनाडूच्या समुद्रात मिळून 1,000 मेगावॉटच्या पवनविद्युत प्रकल्पांसाठी 7,453 कोटींच्या साहाय्याचा निर्णय झाला.

आणि तरीही जुनी सवय सुटलेली नाही. 2023 मध्ये सागरी खनिजांचा कायदा सुधारून लिलावाची वाट मोकळी झाली आणि नोव्हेंबर 2024 मध्ये 13 खंडांचा पहिला लिलाव पुकारला गेला, त्यांत कोल्लमच्या समोरची बांधकामाची वाळू होती, जिच्या वरच्या पाण्यात मासेमारी करून केरळचे मच्छिमार पोट भरतात. डहाणूजवळच्या वाढवण बंदराला 76 हजार कोटींहून अधिक खर्चाची मंजुरी मिळाली ती जून 2024 मध्ये. तेथील मच्छिमारांच्या हरकती त्यापूर्वीही होत्या आणि त्यानंतरही आहेत. वाळू, बंदर, पवनचक्क्या, कांदळवन, मासळी यांपैकी प्रत्येकाची परवानगी वेगळी, आणि सर्वांचा एकत्र भार त्याच पाण्यावर किती पडेल हे तपासणारे व नकार देण्याचा अधिकार असणारे एकही कायदेशीर पीठ नाही. ते नसेल तोवर धोरणाचा कोणताही मसुदा चांगल्या इच्छांची जंत्रीच ठरेल.

किनाऱ्यावरच्या वाचकांना माझी विनंती आहे. किनारा व्यवस्थापनाच्या आराखड्याचे मसुदे जनसुनावणीसाठी मांडले जातात तेव्हा ते नकाशे डोळ्यांखालून घालावेत. आपल्या गावची मासळी सुकवण्याची जागा, होड्यांचा थांबा, खारबंदिस्तीचा बांध आणि त्यावरच्या उघाड्या त्यांत दाखवल्या आहेत की नाही ते पाहावे. दाखवल्या नसतील तर मुदतीत लेखी हरकत नोंदवून पोच घ्यावी. आणि धोक्याची रेषा पुन्हा निर्बंधांशी जोडावी ही मागणी त्याच अर्जात घालावी.