बोअरमधून लाल माती का येते? उत्तर आपल्याच मोबाइलमध्ये, तेही मराठीत

तामलवाडी (ता. तुळजापूर) : शिवारात बोअरची गाडी आली की निम्मं गाव बघायला जमतं. आधी मुरमाची भुकटी उडते, मग काळा-राखाडी फुफाटा, आणि मध्येच विटेच्या चुऱ्यासारखी लाल माती. थोड्या वेळानं पुन्हा काळा कातळ. "लाल लागलं, आता पाणी लागणार," असं एक जण म्हणतो, दुसरा म्हणतो, "गेला बोअर." पण कातळाच्या पोटात माती आली कुठून, हे कोणी विचारत नाही.

मराठी विकिपीडियावर 'बेसाल्ट' आणि मराठी विश्वकोशात 'दक्षिण ट्रॅप' असं शोधा. दोन्ही फुकट आहेत. एका लेखातून दुसऱ्यात जात वाचलं की उलगडा होतो तो असा.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथल्या जमिनीला भेगा पडून लाव्हा बाहेर आला. एकदाच नाही, पुन्हा पुन्हा. एक थर थंड व्हायचा, मग मोठी विश्रांती. तेवढ्या काळात ऊन-पावसानं वरचा खडक झिजून माती व्हायची. तिच्यावर पुढचा तापलेला लाव्हा पसरला की ती भट्टीतल्या विटेसारखी भाजून निघायची. तिच्यात लोह असल्यानं रंग लाल. म्हणजे बोअरमधून वर येते ती कधीकाळची उघडी जमीन! 'ट्रॅप' हा शब्दही पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आलाय. बालाघाटच्या डोंगरांची पायरी-पायरीची ठेवण बघितली की नाव का पडलं ते कळतं. (याच सुमारास डायनासोर संपले. तो लेख उघडला की मेक्सिकोतल्या उल्केच्या खड्ड्यापर्यंत जाता आणि झोपेचं खोबरं होतं.)

हा कातळ किती खोल आहे? याचं उत्तर आपल्या शेजारच्या एका दुःखद घटनेनंतर मिळालं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि आपल्या जिल्ह्यातली मिळून सुमारे दहा हजार माणसं गेली. भूकंपाचं कारण शोधायला शास्त्रज्ञांनी नंतर तिथं ६१७ मीटर खोल भोक पाडलं. त्यात सुमारे ३३८ मीटरपर्यंत, म्हणजे अकराशे फूट, हे लाव्हाचे थर निघाले. त्याखाली त्याहून कितीतरी जुना, वेगळाच खडक.

आता खिशाशी संबंध असलेली गोष्ट. अखंड काळ्या कातळात पाणी धरायला जागा जवळजवळ नसते. पाणी राहतं ते भेगांत, झिजलेल्या मुरमाट खडकात आणि दोन थरांच्या सांध्यात. खोल जाल तशा भेगा सहसा कमी होतात. लाल थर चिकणमातीसारखा, तो बहुतेक वेळा पाणी अडवतो. त्यामुळं लाल लागलं म्हणजे पाणी लागलंच, असं नाही, आणि "अजून शंभर फूट जाऊ दे" याला तर काहीच आधार नाही. राज्याच्या २००९ च्या भूजल कायद्यात ६० मीटरच्या, म्हणजे साधारण दोनशे फुटांच्या पुढची विहीर 'खोल विहीर' धरली आहे. नारळ हातावर धरणाऱ्या पाणाड्याला पैसे देण्याआधी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात विचारून घ्या.

याच कातळाचा उपयोग जुन्या लोकांनी वेगळा केला. धाराशिव लेणी त्यातच कोरली आणि नळदुर्गला त्याच दगडाचा बांध घालून बोरी नदी अडवली. बांधाच्या पोटातला पाणीमहाल दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला, १६१३ च्या सुमाराचा. लाव्हापासून तिथपर्यंत दोन-चार लेखांचंच अंतर आहे.

वाचताना डोळे उघडे ठेवा. मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे आणि त्यात कोणीही बदल करू शकतं. म्हणून खालचे 'संदर्भ' बघा आणि 'इतिहास पहा' दाबा, कोणी कधी काय बदललं ते दिसतं. संदर्भच नसेल तर तो मजकूर व्हॉट्सॲपवर पुढं ढकलू नका. विश्वकोशात नोंदीखाली लेखकाचं नाव असतं, पण त्याचा पहिला खंड १९७६ चा. जुन्या खंडांत किल्लारीचा भूकंप कसा सापडेल? आणि आपला जिल्हा तिथं 'धाराशिव' टाकून मिळाला नाही तर 'उस्मानाबाद' टाकून बघा.