घरातल्या तारा : भाग ६
एका केबलमध्ये दोन लाइन

मागच्या भागात राउटरची जागा ठरवली. आता भिंतीतल्या केबलकडे वळू.

आमच्या धायरीत रस्त्याचं खोदकाम निघालं की कुठली तरी फायबर तुटतेच. घरून काम करणाऱ्याला ते परवडत नाही, म्हणून मी दोन कंपन्यांची कनेक्शनं घेतली. दोन्हींचे मोडेम दाराशी आणि कॉम्प्युटर आतल्या खोलीत. मधे भिंतीतल्या पाइपातून गेलेली केबल मात्र एकच. दुसरी वायर ओढून पाहिली, ती पहिल्याच वळणावर अडली. साधा स्विच लावून दोन्ही मोडेम एकत्र जोडावेत, तर दोघेही आपापले पत्ते वाटू लागतात आणि गोंधळ होतो. लाइन वेगळ्याच राहायला हव्यात.

केबलचं आवरण सोललं की आत आठ तारा दिसतात. नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी, आणि प्रत्येकीला पीळ घालून बसलेली, त्याच रंगाच्या पट्ट्याची पांढरी तार. अशा चार जोड्या. १०० मेगाबिटच्या लाइनला यातल्या दोनच पुरतात : एक पाठवायला, एक घ्यायला. प्लगमध्ये त्यांच्या जागा १-२ आणि ३-६. नेहमीच्या जोडणीत तिथे नारिंगी आणि हिरवी असते, निळी-तपकिरी रिकामीच. केबलच्या दोन्ही टोकांना आणखी एकेक प्लग घ्यायचा, निळी जोडी १-२ वर आणि तपकिरी ३-६ वर बसवायची. दुसरी लाइन तयार.

जोडी मात्र फोडायची नाही. एका तारेत जो सिग्नल असतो, दुसरीत त्याचा नेमका उलटा. पिळामुळे बाहेरचा विद्युत गोंगाट दोघींवर जवळजवळ सारखा पडतो. पलीकडचं यंत्र दोघींमधला फरक तेवढा मोजतं, त्यात गोंगाट वजा होतो. टेलिफोनच्या तारांसाठी अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी १८८१ मध्ये याच युक्तीचं पेटंट घेतलं होतं. घाईत एक तार या जोडीतली, एक त्या जोडीतली घेतली, तर साध्या टेस्टरचे सगळे दिवे लागतात आणि तरीही लाइन रखडते. प्लगपाशीसुद्धा पीळ अर्ध्या इंचाहून जास्त उलगडू नये.

याची किंमत वेगात मोजावी लागते. १९९९ मध्ये मानक ठरलेल्या गिगाबिट इथरनेटला चारही जोड्या लागतात, त्यामुळे वाटणी केली की प्रत्येक लाइन १०० मेगाबिटवर थांबते. माझे दोन्ही प्लॅन तेवढेच आहेत, म्हणून मला ते चाललं. एकाच कनेक्शनवर दोन यंत्रं चालवायची असतील, तर केबलला हात न लावता टोकाला गिगाबिट स्विच लावा. आणि केबलमधूनच कॅमेऱ्याला वीज जात असेल, तर ही वाटणी करूच नका.

काम झाल्यावर दोन्ही टोकांना मी कागदी पट्टी चिकटवली : ‘या केबलमध्ये दोन लाइन आहेत’. नाहीतर उद्या येणाऱ्या कारागिराला नारिंगी तारेच्या प्लगमध्ये निळी तार दिसणार नाही आणि तो भल्या मनाने सगळं ‘दुरुस्त’ करून टाकेल. भिंतीतलं काम दिसत नाही. ते लिहून ठेवणं हाही कामाचाच भाग आहे.

(पुढच्या भागात : केबलमधून कॅमेऱ्याला वीज कशी पोचते)