जुनी पद्मिनी घेताय? चकाकत्या रंगाआडचा गंज असा ओळखा

मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये निवृत्त झाली. कुर्ल्यात तयार झालेल्या या गाडीची हौस मात्र कायम आहे. जुन्या गाडीचं इंजिन पुन्हा बांधता येतं. पण पत्रा सडलेला निघाला तर खर्च हाताबाहेर जातो. त्यामुळे व्यवहारापूर्वी आधी बॉडी तपासायला हवी.

गंज धोकादायक का?

पद्मिनीला ट्रकसारखी वेगळी चासी नाही. तिची बॉडी हाच सांगाडा, म्हणजेच 'मोनोकॉक' रचना. दारांखालून पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत जाणारी पोकळ पट्टी (सिल) आणि फ्लोअरचा पत्रा गाडीचा भार पेलतात. तिथे गंज लागला की प्रश्न दिसण्याचा राहत नाही, सुरक्षिततेचा होतो.

फुगवटा काय सांगतो?

लोखंड, पाणी आणि ऑक्सिजन एकत्र आले की गंज धरतो. किनारपट्टीच्या हवेतला मीठ या प्रक्रियेला वेग देतो. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, त्यामुळे वरचा रंग फुगतो. म्हणूनच रंगावर बारीक फोड दिसले, तर आतला पत्रा बहुतेक वेळा त्याहून जास्त खराब असतो.

कुठे पाहाल?

• दारांचा खालचा काठ : पाणी वाहून जाण्याची छिद्रं मातीने बुजली की पाणी आत साचतं.
• मडगार्डची आतली कड : चाकांनी उडवलेला चिखल इथेच चिकटून ओला राहतो.
• मॅटखालचा फ्लोअर : मॅट उचलूनच पाहा. ओल किंवा कुबट वास असेल, तर पाणी कुठून तरी आत येतंय.
• डिकीतली स्टेपनीची जागा आणि बॅटरीचा ट्रे.
• पुढच्या-मागच्या काचेच्या रबराखालचा पत्रा.

कसं तपासाल?

पातळ कापडात गुंडाळलेलं छोटं चुंबक बॉडीवरून फिरवा. ते एखाद्या जागी चिकटलं नाही, तर तिथे रंगाखाली पुट्टीचा जाड थर असण्याची शक्यता आहे. बोटाने टकटक करा. पत्रा खणखणीत वाजतो, पुट्टी बद्द वाजते. गाडी गॅरेजमध्ये रॅम्पवर चढवून खालून बघा. खालच्या बाजूला नुकताच काळा रंग मारलेला असेल, तर कारण विचारा. मालकाच्या परवानगीने स्क्रूड्रायव्हरचं टोक सिलवर हलकेच दाबा. पत्रा दबला किंवा टोक आत घुसलं, तर तो सडलेला आहे. सिलजवळ जॅक लावल्यावर दार अडकू लागलं, तर सांगाडा कमजोर झाल्याची ती खूण समजा.

दुरुस्ती होते का?

वरवरचा तांबूस थर घासून, प्रायमर आणि रंग देऊन आटोक्यात येतो. पत्र्याला खड्डे पडले असतील, तर किती जाडी उरली आहे ते पाहावं लागतं. आरपार छिद्र असेल, तर सडलेला भाग कापून नवा पत्रा वेल्डिंग करणं हाच उपाय. छिद्रावर पुट्टी भरली, तर गंज आतून वाढतच राहतो.

दाराच्या काठावरचा गंज दाखवून किंमत कमी करून घेता येते. सिल, फ्लोअर किंवा सस्पेन्शन जोडलेल्या जागी गंज असेल, तर पत्र्याचं काम करणाऱ्या जाणकाराकडून खर्चाचा अंदाज घेतल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नका.