रोजच्या रस्त्यावरचे न पाहिलेले कोल्हापूर

कोल्हापुरात खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ आहे. कामावर जाताना आपल्यातले कितीतरी लोक त्याच्या बाजूने रोज सायकल, मोटारसायकल काढतात. पण तो कोणाचा, कशासाठी, हे थांबून किती जणांनी पाहिले? बाबूराव पेंटर या सुतारकाम करणाऱ्या घराण्यातल्या कलावंताने विष्णुपंत दामले यांच्या साथीने १९१८ साली याच शहरात सिनेमाचा कॅमेरा स्वतः तयार केला. पुढे १९२५ साली त्यांनी 'सावकारी पाश' काढला. त्यात सावकाराच्या कर्जापायी जमीन गमावणारा शेतकरी होता. देवादिकांच्या कथांतून कॅमेरा बाहेर काढून गरिबाच्या झोपडीपुढे नेणारे हे गाव आहे. त्याच गावात आज घरटी दोन-दोन मोबाईल आहेत, म्हणजे दोन-दोन कॅमेरे आहेत. आपण त्यांनी काय टिपतो? वाढदिवसाचा केक, लग्नातली वरात, चौदा एप्रिलची मिरवणूक आणि स्वतःचे तोंड. यात गैर काही नाही. पण आपली गल्ली, आपले काम आणि आपल्या पायाखालची जमीन त्या मोबाईलमध्ये कुठेच नसते.

वाचक बंधू-भगिनींनो, मी कचेरीत कारकुनी करणारा माणूस, छायाचित्रकार नव्हे. रविवारी सकाळी वस्तीतल्या मुलांना गोळा करून अभ्यास घेतो. गेल्या वर्षी त्यात एक नवा धडा घातला. घरापासून पंधरा मिनिटे पायी जायचे, रोज डोळ्यांपुढे असूनही कधी न पाहिलेले काहीतरी शोधायचे आणि त्याचा एकच फोटो काढून आणायचा. पहिल्या रविवारी सगळे रंकाळ्यावरचा सूर्य, फुले आणि मांजराची पिल्ले घेऊन आले. दोघांनी गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावरच्या म्हशी आणल्या. कट्ट्यावर म्हैस समोर पिळून धारोष्ण दूध देतात, ते परगावच्या पाहुण्याला नवल वाटते. आपल्याला त्यात नवे काय? मी काही बोललो नाही. चौथ्या-पाचव्या आठवड्यापासून मात्र फोटो बदलले.

आठवीतल्या एका मुलीने स्वतःच्याच घराची भिंत आणली. भिंतीवर पुराच्या पाण्याची रेघ. रेघेखाली रंग उडालेला, पोपडे आलेले. रेघेच्या वीतभर वर बाबासाहेबांची तसबीर, अगदी कोरडी. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट धरतात. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले होते आणि जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. हे आकडे वर्तमानपत्रात सर्वांनी वाचले. पण तसबिरीखालची ती रेघ पाहिल्यावर वर्गातल्या मुलांना ५५ फूट म्हणजे काय ते कळले. मुलीची आई म्हणाली, "पुढच्या महिन्यात रंग काढायचाय, रेघ जाईल." म्हणजे फोटो वेळेवर निघाला. त्यामागे तारीख, गल्लीचे नाव आणि जमिनीपासूनची उंची टेपने मोजून लिहून ठेवली आहे. पंचनाम्याच्या वेळी पाणी कुठवर आले होते हे तोंडी सांगण्यापेक्षा असा कागद बरा, हे कारकून म्हणून सांगतो.

दुसरा फोटो सुभाषनगरातला. उंबऱ्याशी बसून एक आजी कोल्हापुरी चपलेची चामड्याची वेणी विणते आहे. शेजारी तयार पट्ट्यांचा ढीग. आणि आजीच्या पायांजवळ तिची स्वतःची पादत्राणे काढून ठेवलेली, ती रबरी स्लीपर! फोटो काढणाऱ्या मुलाला हे घरी आल्यावर दिसले. जून २०२५ मध्ये इटलीतल्या मिलान शहरात प्राडा या कंपनीने कोल्हापुरीसारख्याच चपला दाखविल्या, तेव्हा कोल्हापूरचे नावही घेतले नव्हते. ओरड झाल्यावर त्यांनी ही प्रेरणा भारतीय कारागिरांची असल्याचे मान्य केले. कोल्हापुरी चपलेला २०१९ सालीच भौगोलिक मानांकन मिळाले आहे. तेव्हा जगभर चपलेचे फोटो फिरले, आजीच्या पायातल्या स्लीपरचा कोणी काढला नाही.

ब्रह्मपुरीची टेकडी तर पोरांची खेळायची जागा. तिथे १९४५-४६ साली उत्खनन झाले. तिथेच सापडलेली रोमन समुद्रदेवाची छोटी काशाची मूर्ती टाऊन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात आहे. दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या नदीकाठच्या गावाचा रोमशी व्यापार होता, याचा तो पुरावा. आणि आपल्या लोकांना आवर्जून सांगावे असे दुसरे: एकोणिसाव्या शतकात या शहरात खोदकाम चालू असता बौद्ध स्तूपाचे अवशेष व धातुकरंडक निघाला. त्याच्या दगडी पेटीवर दान देणाऱ्या बम्हाचे आणि ते करविणाऱ्या धम्मगुत्ताचे नाव ब्राह्मी अक्षरांत कोरलेले होते. आपल्या शहरात बुद्धाचा धम्म नांदत होता, हे ऐकून मुले जुन्या वाड्यांच्या जोत्यांचे दगड निरखू लागली आहेत. अजून काही सापडले नाही. निरखणे सुटले नाही, हेही थोडे नव्हे.

एका रविवारी वाद झाला. एका मुलाने गटाराकडेला पिऊन पडलेल्या माणसाचा फोटो आणला. वर्ग हसला. एक मुलगी हसली नाही. तो तिच्याच गल्लीतला होता. मुलगा म्हणाला, "सर, तुम्हीच म्हणालात ना, न पाहिलेले आणा?" प्रश्न रास्त होता. मी त्यांना 'द पीपल ऑफ इंडिया' या आठ खंडांची गोष्ट सांगितली. १८६८ ते १८७५ या काळात इंग्रज सरकारने ते छापले. जातीजमातीची माणसे उभी करून त्यांचे फोटो घेतले आणि खाली ही जात कशी, तिचा स्वभाव कसा, असे लिहिले. माणसाला नमुना केले. म्हणजे कॅमेरा हातात येताच नजर चांगली होते असे नाही. मग दुसरी बाजू सांगितली. १९५६ च्या डिसेंबरात बाबासाहेबांच्या अंत्ययात्रेचे चित्रण चित्रपटकार नामदेव व्हटकर यांनी पदरमोड करून केले. आणि आपल्या काळात सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांसोबत वर्षानुवर्षे राहून त्यांचे फोटो काढले. गटारात उतरलेला माणूस त्यांतही आहे, पण तो घरी पोरांमध्ये बसलेलाही आहे. ओलवे यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली. त्या मुलाने आपला फोटो स्वतःहून पुसला. तेव्हापासून माणसाला आधी विचारायचे, असा नियम मुलांनीच घातला.

त्या नियमानंतरचा एक फोटो माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे. बिंदू चौक. भाई माधवराव बागल यांच्या पुढाकाराने ९ डिसेंबर १९५० रोजी तिथे महात्मा फुले आणि बाबासाहेब यांचे पुतळे बसले; बाबासाहेब तेव्हा हयात होते. जयंतीला तिथे उभे राहायला जागा नसते. हा फोटो साध्या मंगळवारचा, पहाटेचा आहे. चौक रिकामा आहे. झाडलोट आटोपून एका मावशींनी झाडू कठड्याला टेकवला आहे आणि बशीत चहा ओतून त्या पुतळ्याकडे तोंड करून बसल्या आहेत. मुलीने विचारले तेव्हा मावशींनी आधी पदर नीट केला, मग म्हणाल्या, "काढ की. पण झाडू बी येऊ दे त्यात." प्रत द्यायला आम्ही गेलो तर त्यांनी आणखी एक मागितली, इचलकरंजीला दिलेल्या लेकीसाठी. फोटोच्या दुकानात दुसरी प्रत पंधरा रुपयांत निघाली.