बर्फ न पडणाऱ्या शहरातून बर्फावरच्या शर्यतीकडे

इंदूर शहर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर, माळव्याच्या पठारावर वसलेले आहे. हिवाळ्यात पहाटेचा पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो आणि पोहे-जिलेबीच्या गाड्यांभोवती गर्दी वाढते. बर्फ मात्र पडत नाही. होळकरांच्या काळापासून मराठी माणसांनी आपले मानलेल्या या शहराला कुस्ती, मल्लखांब आणि क्रिकेट यांची जुनी परंपरा आहे. कर्नल सी. के. नायडू यांचे नाव तेथे आजही आदराने घेतले जाते. बर्फावर मैलोन्‌मैल घसरत जाण्याच्या शर्यतीला या परंपरेत अर्थातच जागा नाही. तरीही अशा मैदानी शहरातील एखाद्या तरुणाने क्रॉस कंट्री स्कीइंगच्या दोन दिवसांच्या शर्यतींत उतरायचे ठरवले, तर त्याला काय करावे लागेल, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासारखे आहे. ते इंदूरला जितके लागू पडते, तितकेच पणजीला किंवा मडगावलाही.

उतारावरचा नव्हे, वाटेवरचा खेळ

स्कीइंग म्हटले की डोंगरउतारावरून वेगाने खाली झेपावणारा खेळाडू डोळ्यांसमोर येतो. तो अल्पाइन प्रकार. त्यात पाळणा वर नेतो आणि गुरुत्वाकर्षण खाली आणते. क्रॉस कंट्रीत हे काम खेळाडूलाच करावे लागते. मार्गात चढ, सपाटी आणि उतार यांची सारखीच वाटणी असते. अल्पाइनमध्ये बूट पुढून-मागून घट्ट जखडलेला असतो. येथे तो केवळ चवड्याशी स्कीला जोडलेला आणि टाच मोकळी असते. स्की अरुंद आणि हलक्या असतात. पूर्ण जोडीचे वजन एक किलोच्या आसपास भरते.

या खेळात दोन शैली आहेत. पारंपरिक शैलीत बर्फात यंत्राने कोरलेल्या दोन समांतर चरांतून, चालण्याच्या लयीत, एक पाय रेटून दुसऱ्यावर घसरत जायचे असते. मुक्त शैलीत स्केटिंगप्रमाणे पाय बाहेरच्या बाजूला तिरपा ढकलावा लागतो. दुसरी शैली 1980 च्या दशकात रूढ झाली आणि ती इतकी वेगवान ठरली की दोन्ही प्रकारांच्या शर्यती वेगळ्या कराव्या लागल्या. 1988 च्या कॅलगरी ऑलिंपिकमध्ये ही विभागणी प्रथम दिसली. खेळ मात्र त्याहून खूप जुना आहे. 1924 च्या शामोनी येथील पहिल्या हिवाळी ऑलिंपिकपासून पुरुषांसाठी आणि 1952 च्या ऑस्लो ऑलिंपिकपासून महिलांसाठी तो स्पर्धेत आहे.

पारंपरिक शैलीत मेणाचे एक वेगळेच शास्त्र आहे. स्की पुढे सुळकन सरकली पाहिजे, पण पायाने रेटा देताना मागे घसरता कामा नये. या दोन विरोधी गरजा भागवण्यासाठी स्कीला मधोमध कमान दिलेली असते. वजन दोन्ही पायांवर असताना मधला भाग बर्फाला टेकत नाही. एका पायावर जोर देताच तो टेकतो आणि त्यावर लावलेले चिकट मेण बर्फाला धरते. बर्फ कोरडा आणि थंड असेल तर कडक मेण, ओला असेल तर पाकासारखे चिकट मेण. निवड चुकली तर उत्तम तयारीचा खेळाडूही चढावर मागे घसरत राहतो. नवशिक्यांसाठी हल्ली मधल्या भागात मोहेर लोकरीची पट्टी बसवलेल्या स्की मिळतात. त्यांना पकडीचे मेण लागत नाही.

दोन दिवसांचे गणित

शनिवार-रविवारच्या स्पर्धेत साधारणतः एक दिवस छोट्या अंतराची स्प्रिंट आणि दुसरा दिवस लांब अंतराची शर्यत, अशी रचना असते. स्प्रिंटचा मार्ग जेमतेम दीड किलोमीटरचा. सकाळी प्रत्येक खेळाडू पंधरा सेकंदांच्या अंतराने एकट्याने सुटतो. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार त्यांतील सर्वांत वेगवान तीस जण पुढे जातात. सहा-सहांच्या पाच उपउपांत्य फेऱ्या, बारा जणांच्या दोन उपांत्य फेऱ्या आणि सहा जणांची अंतिम फेरी. अंतिम फेरी गाठणाऱ्याला एका दिवसात हीच शर्यत चारदा पळावी लागते. दोन फेऱ्यांमधल्या थोडक्या वेळात श्वास स्थिर करणे, अंग गार पडू न देणे आणि चार घोट गोड पाणी पोटात ढकलणे हेही कौशल्यच ठरते.

दुसऱ्या दिवशीची दहा किलोमीटरची शर्यत वेगळ्या स्वभावाची असते. खेळाडू तीस सेकंदांच्या अंतराने सुटत असतील, तर समोर प्रतिस्पर्धी नसून घड्याळ असते. सुरुवातीच्या चढावर उत्साहाच्या भरात जास्त ताकद खर्च केली, तर तिची किंमत शेवटच्या तीन किलोमीटरमध्ये मोजावी लागते. दोन्ही दिवसांचा एकत्रित विचार करणारा नवखा स्पर्धक म्हणूनच पहिल्या दिवशी स्वतःला आवरतो. शर्यतीच्या आदल्या दिवशी मार्ग हळूहळू फिरून पाहणेही तितकेच आवश्यक असते. कोणत्या वळणावर बर्फ गोठून काच झाला आहे, हे नकाशावर कळत नाही.

इंदुरात राहून तयारी

या खेळातील बरीचशी मेहनत बर्फाबाहेरच होते. नॉर्वे किंवा स्वीडनचे खेळाडूदेखील उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर रोलर स्कीवर सराव करतात. रोलर स्की म्हणजे पुढे-मागे एकेक चाक असलेली आखूड दांडी. बूट आणि हातातल्या काठ्या त्याच. या साधनाला बहुधा ब्रेक नसतो. त्यामुळे इंदूरच्या रहदारीत त्याचा वापर धोक्याचा. पहाटेचा रिकामा, गुळगुळीत आणि फारसा उतार नसलेला रस्ता आणि डोक्यावर हेल्मेट या किमान अटी. ज्यांना इनलाइन स्केटिंग येते, त्यांना मुक्त शैली लवकर साधते, कारण एका पायावर पूर्ण भार घेऊन तोल सांभाळण्याची क्रिया दोन्हींत सारखीच आहे.

चढाचा सराव काठ्या घेऊन टेकडी पळत चढण्याने होतो. त्यासाठी इंदूरजवळ रालामंडल आणि महूच्या बाजूला जानापावची टेकडी आहे. मध्य प्रदेशाने 2013 मध्ये राज्यक्रीडा म्हणून घोषित केलेल्या मल्लखांबाचाही येथे उपयोग होऊ शकतो. दोन्ही काठ्या एकदम रोवून शरीर पुढे खेचताना पोट, पाठ आणि दंडांच्या ज्या स्नायूंवर ताण येतो, तेच स्नायू मल्लखांबावर घडतात. फरक कालावधीचा. मल्लखांबाचा संच थोडक्या वेळात संपतो. स्कीवर तीच ताकद अर्धा तास सलग लावावी लागते. म्हणून ताकदीच्या जोडीला दमसासाची, म्हणजे लांब पल्ल्याच्या संथ धावण्याची आणि सायकलिंगची, कित्येक महिन्यांची बैठक लागते. आठ ऑलिंपिक सुवर्णपदके जिंकणारा नॉर्वेचा ब्यॉर्न डेली याची कीर्ती मुळात त्याच्या असामान्य दमसासामुळेच पसरली.

एवढी तयारी करूनही बर्फावरचा पहिला दिवस नम्र करणारा असतो. अरुंद स्कीवर उतार आणि वळण सांभाळणे हे केवळ बर्फावरच शिकता येते. मैदानी खेळाडू चढावर फारसा मागे पडत नाही. तो उतारावर वेळ गमावतो, कारण तेथे त्याचा धीर सुटतो. शर्यतीच्या आधी किमान दोन आठवडे बर्फावर घालवण्याचा आग्रह धरायचा तो यासाठीच.

विरळ हवेचा हिशेब

दुसरी अडचण डोळ्यांना दिसत नाही. गुलमर्ग सुमारे 2,650 मीटर उंचीवर आहे. तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या तुलनेत एक चतुर्थांशाहून थोडा अधिक कमी असतो आणि प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायूही त्याच प्रमाणात घटतो. गोव्याच्या किनाऱ्यावर किंवा इंदुरात जो वेग सहज वाटतो, तोच तेथे धाप लावतो. शरीर जुळवून घेते, पण त्याला काही दिवस द्यावे लागतात. विमानाने श्रीनगर, तेथून टंगमर्गमार्गे गाडीने गुलमर्ग आणि दुसऱ्या दिवशी शर्यत, असा बेत आखणारा माणूस डोकेदुखी आणि निद्रानाश घेऊन सुरुवातीच्या रेषेवर उभा राहतो.

उंचीचा आणखी एक परिणाम भारतीय खेळाडूंना सोसावा लागतो. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाच्या नियमांनुसार क्रॉस कंट्रीच्या मार्गाचा सर्वोच्च बिंदू 1,800 मीटरपेक्षा उंच नसावा, असा दंडक आहे; त्याहून उंच जागेसाठी अपवाद मंजूर करून घ्यावा लागतो. आपल्याकडे टिकाऊ बर्फ मिळतो तो बहुतेक याहून बऱ्याच उंचीवर. जागतिक क्रमवारीचे गुण मिळवण्यासाठी भारतीय स्पर्धकांना युरोपात किंवा दक्षिण गोलार्धात जावे लागते, त्यामागचे हे एक कारण. या खेळात गुण जितके कमी तितका खेळाडू श्रेष्ठ, आणि ते कमी करायचे तर बलवान प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध वारंवार उतरावे लागते. साहजिकच खर्च वाढतो.

दरवाजे कोणते?

भारतात या खेळावर सैन्याचा ठसा आहे. 1948 मध्ये गुलमर्ग येथे लष्कराने स्की प्रशिक्षणाचे केंद्र सुरू केले. त्यातूनच पुढे हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल उभे राहिले. ऑलिंपिकच्या क्रॉस कंट्री शर्यतीत ताशी लुंडुप (व्हँकुव्हर, 2010), नदीम इक्बाल (सोची, 2014) आणि जगदीश सिंग (प्याँगचांग, 2018) हे भारतीय उतरले. जगदीश सिंग 15 किलोमीटरच्या शर्यतीत 103 वे आले. हा क्रमांक वाचून हसणे सोपे आहे. त्यामागे वर्षातून मोजके महिने टिकणारा बर्फ आणि आयुष्यभर स्कीवर वाढलेले प्रतिस्पर्धी आहेत, हे ध्यानात घ्यायला हवे. इंदूरपासून जवळच असलेल्या महूच्या छावणीत पायदळाचे प्रशिक्षण विद्यालय आहे. माळव्यातील तरुणाला बर्फापर्यंत नेणारा सर्वांत जुना रस्ता असाच लष्करातून जातो.

नागरिकांसाठीही मार्ग आहेत. गुलमर्गची भारतीय स्कीइंग व गिर्यारोहण संस्था आणि मनालीची अटलबिहारी वाजपेयी यांच्या नावाने ओळखली जाणारी गिर्यारोहण संस्था सर्वसामान्यांसाठी स्कीइंगचे अभ्यासक्रम चालवतात. त्यांत भर मुख्यतः उतारावरील स्कीइंगवर असला, तरी बर्फावरचा तोल तेथे नक्की शिकता येतो. 2020 पासून भरणाऱ्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांत नॉर्डिक स्कीइंगचा समावेश असून, त्यासाठी राज्याच्या संघातून प्रवेश घ्यावा लागतो. मैदानी राज्यातील इच्छुकाने म्हणूनच आधी आपल्या राज्यात अशी संघटना आहे का आणि ती निवड कशी करते, याची चौकशी करावी.

हे अशक्य नाही, याचे उदाहरण दक्षिणेतच आहे. कर्नाटकातील कोडगू जिल्हा कॉफीच्या मळ्यांसाठी आणि हॉकीपटूंसाठी प्रसिद्ध. तेथे बर्फ पडत नाही. त्याच जिल्ह्यातील भवानी तेक्कडा नंजुंडा हिने 2025 मध्ये चिली येथील आंतरराष्ट्रीय स्पर्धेत पाच किलोमीटर शर्यतीत कांस्यपदक मिळवले. हिमालयाच्या कुशीत जन्म घेणे ही या खेळाची पूर्वअट नव्हे, एवढे त्यातून सिद्ध झाले.

ज्यांना पदक नको, केवळ सहभाग हवा, त्यांच्यासाठी जगात लोकशर्यतींची मोठी परंपरा आहे. स्वीडनमधील 90 किलोमीटरची वासालोपेट 1922 पासून भरते; मुख्य शर्यतीत सुमारे 16 हजार लोक उतरतात आणि वाटेत त्यांना कोमट ब्लूबेरीचे सार दिले जाते. याच शर्यतीने 1924 ते 1981 या काळात महिलांना अधिकृत प्रवेश नाकारला होता. नॉर्वेच्या बिर्केबायनर शर्यतीत प्रत्येकाला पाठीवर साडेतीन किलोचे ओझे वाहावे लागते. 1206 मध्ये दोन योद्ध्यांनी बाल राजपुत्राला बर्फातून सुखरूप नेले, त्याची ती आठवण. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात 1973 पासून याच नावाची शर्यत होते. परदेशात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना अशा शर्यती घराजवळच उपलब्ध आहेत. त्यांत छोट्या अंतराचे गट असतात आणि नवख्यांना मागच्या तुकडीतून सोडले जाते.

बर्फाचा भरवसा

या साऱ्या तयारीवर पाणी फिरवणारी एक गोष्ट कोणाच्याच हातात नाही. जानेवारी 2024 मध्ये गुलमर्गची कुरणे उघडी पडली होती. बर्फ उशिरा आला. 2025 मध्ये तर खेलो इंडियाचा गुलमर्ग टप्पा फेब्रुवारीत होऊ शकला नाही. बर्फाअभावी तो पुढे ढकलून मार्चमध्ये घ्यावा लागला. रजा, तिकिटे आणि निवास महिनोन्‌महिने आधी ठरवणाऱ्या इंदूरच्या स्पर्धकासाठी असा बदल म्हणजे अख्खे वर्ष वाया जाणे. स्थानिक खेळाडू वाट पाहू शकतो. दूरवरून येणारा पाहू शकत नाही. बर्फ कमी होण्याचा पहिला फटका त्यालाच बसतो.

युरोपनेही हे संकट ओळखले आहे. दावोससारख्या ठिकाणी हिवाळ्यातील बर्फ लाकडाच्या भुशाखाली उन्हाळाभर साठवून पुढच्या मोसमाच्या प्रारंभी पसरला जातो. यंत्राने बर्फ तयार करता येतो, परंतु त्यालाही मुबलक पाणी आणि गोठणबिंदूखालची थंडी लागते. 2022 चे बीजिंग हिवाळी ऑलिंपिक जवळजवळ संपूर्णपणे अशा कृत्रिम बर्फावर झाले. आपल्याकडे क्रॉस कंट्रीसाठी काही किलोमीटरचा एखादा भरवशाचा मार्ग याच पद्धतीने राखता आला, तर स्पर्धांच्या तारखा पाळता येतील आणि दूरच्या राज्यांतील खेळाडूंना नियोजन करता येईल.

तोवर मैदानी स्पर्धकाने पाळावयाचे नियम साधे आहेत. वर्षभर दम आणि तोल कमवावा, प्रवासाची तिकिटे बदलता येतील अशीच घ्यावीत, शर्यतीच्या दोन आठवडे आधी उंचीवर पोहोचावे आणि पहिल्या वर्षी ध्येय एकच ठेवावे : दोन्ही दिवस शेवटची रेषा ओलांडणे.