नलिका उकलून केलेली फीत

पेन्सिलीतील शिसे म्हणजे ग्राफाइट. त्याचा एका अणूइतक्या जाडीचा पापुद्रा म्हणजे ग्राफीन. ते उत्तम विद्युत्‌वाहक आहे. परंतु त्यातील प्रवाह पूर्णपणे थांबविता येत नाही, आणि ट्रान्झिस्टरला तर चालू व बंद अशा दोन्ही अवस्था हव्यात. ग्राफीनची काही नॅनोमीटर रुंदीची फीत केली, तर ती अर्धवाहक होते. मात्र कडा खडबडीत राहिल्या, की हा गुण बिघडतो. इतकी सूक्ष्म कातर आणावयाची कोठून?

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील विजयमोहनन पिल्लै व सहकाऱ्यांनी हे काम विजेवर सोपविले. आम्लाच्या विद्रावात कार्बनच्या नॅनोनलिकांचे त्यांनी नियंत्रित विद्युत्‌दाबाने ऑक्सिडीकरण केले. त्यामुळे भिंतीतील बंध तुटून, शेंग उकलावी तशी नलिका उकलली. पुढे क्षपणाने ऑक्सिजन काढताच गुळगुळीत कडांच्या, काही थरांच्या फिती हाती आल्या. हे संशोधन २०११ साली प्रसिद्ध झाले.

जर्मनीतील माइन्त्स येथे क्लाउस म्यूलेन यांच्या गटाने उलट मार्ग धरला. विद्रावात लहान रेणू एकमेकांस जोडून त्यांनी २०१४ साली सुमारे १ नॅनोमीटर रुंद व २०० नॅनोमीटरहून लांब फिती केल्या. उकलताना फितीची रुंदी नलिकेच्या घेरावर अवलंबून असते. जोडताना ती रेणूच्या रचनेतच ठरलेली असते.